घरी टीपीएन की आतड्याचं प्रत्यारोपण?

गुठळीने किंवा पिळाने आतडं काळं पडलं, काढावं लागलं, आणि हातभरही उरलं नाही. मोठं आतडं जोडलेलं असताना लहान आतडं 60 सेंटिमीटरच्या आत किंवा पोटावर जेजुनोस्टोमी (आतड्याचं बाहेर काढलेलं तोंड) असताना 100 च्या आत उरलं, तर शिरेतलं पोषण (टीपीएन) बहुधा कायमचंच. तरी पहिली दोन वर्षं उरलेलं आतडं काय शिकतं ते पाहावं.

टीपीएनचा जाच सगळ्यांना ठाऊक आहे: रात्रीचे 10-12 तास पंपाला बांधलेले, फ्रिजमध्ये पिशव्या, वर हजारांतली बिलं. खरी गोम मात्र लाइनच्या, म्हणजे मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीच्या, तोंडाशी. रोज एकदा जोडायचं, एकदा सोडायचं, म्हणजे वर्षाला 730 वेळा जंतूंना दार उघडं. आधी पंखा बंद. हात धुऊन हबचं (नळीच्या जोडाचं) तोंड अल्कोहोलच्या स्वॅबने 15 सेकंद घासायचं आणि वाळू द्यायचं. घाई होते ती इथेच. पिशवी संपली की टॉरोलिडिनचं लॉक, म्हणजे नळीत भरून ठेवायचं जंतुनाशक. रक्त तपासायला कोणी ‘याच लाइनमधून घेतो’ म्हणालं तर सरळ नाही म्हणावं. पिशवी लावल्यावर तासाभरात हुडहुडी भरली तर ती लगेच बंद करायची, लाइन फ्लश करायची नाही आणि लाइनमधून व हातातून दोन्हीकडून रक्ताचं कल्चर (जंतू शोधणारी तपासणी) पाठवायचं. पॅरासिटामॉल घेऊन झोपणं महागात पडतं.

प्रत्यारोपणानंतर माणूस ताटावर बसून जेवतो, रात्र मोकळी मिळते. याचं मोल कमी लेखू नये. पण मला अडलं ते एकाच ठिकाणी. किडनी बिघडली की क्रिएटिनिन सांगतं, लिव्हरचं एन्झाइम्स सांगतात. आतड्याचं रिजेक्शन (शरीराने नवं आतडं नाकारणं) सांगणारी तशी भरवशाची रक्ततपासणी नाही. स्टोमाचं (पोटावर ठेवलेल्या आतड्याच्या तोंडाचं) पाणी वाढतं, पण ते साध्या संसर्गानेही वाढतं. उपचार मात्र उलटे: एकाला स्टेरॉइड, दुसऱ्याला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करणं. त्यात जुलाबांत टॅक्रोलिमसची (रिजेक्शन रोखणाऱ्या औषधाची) पातळी चढते आणि किडनी भरडते. म्हणून सुरुवातीला आठवड्यातून दोनदा स्टोमातून स्कोप आणि बायोप्सी, आणि कित्येक महिने केंद्राजवळच बिऱ्हाड.

ढोबळ आकडे असे: पाच वर्षांनी निम्मीच आतडी टिकलेली असतात, कॅन्सर नसलेले घरी टीपीएनवरचे लोक मात्र चारांत तीन हयात असतात. तुलना पुरती न्याय्य नाही. प्रत्यारोपणाला जाणारे मुळात जास्त आजारी असतात, आणि टीपीएनचे हे आकडे परदेशी केंद्रांचे आहेत, जिथे घरी नर्स येते. तरीही लाइन स्वच्छ ठेवणारं माणूस घरात असेल, तर माझं मत टीपीएनलाच.

हे मत बदलतं ते लिव्हर आणि शिरांपाशी. टीपीएनने आलेली कावीळ हटेना, मान-छातीतल्या चार मोठ्या शिरांपैकी तीन बंद झाल्या, तर थांबू नये. लिव्हर कडक होईपर्यंत रेंगाळलं की एकट्या आतड्याने भागत नाही, लिव्हरही लागतं. सोबत आलेलं लिव्हर आतड्याला काहीसं सांभाळून घेतं हे खरं. पण आक्रसलेल्या पोटात मावेल असा लहान चणीचा दाता मिळणं आणखी कठीण. तेव्हा टीपीएन चालू असतानाच प्रत्यारोपण केंद्राची एक भेट आटपून घ्यावी. जाताना शिरांचा सीटी, बिलिरुबिनचे जुने रिपोर्ट आणि आजवर कुठली लाइन कुठे, किती दिवस होती त्याची यादी न्यावी.