अनलोडर नी ब्रेस: उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत वापरल्यानंतर

गुडघ्याचा पट्टा मागितला की दुकानदार आधी नी कॅप पुढे करतो. तिने ऊब मिळते, आधार वाटतो, पण सांध्यावरचा भार जिथल्या तिथेच राहतो. मी वापरते तो अनलोडर ब्रेस. मांडीला आणि पोटरीला कडक चौकट, बाजूला बिजागरी, गुडघ्यावरून तिरके जाणारे पट्टे. ज्यांचा गुडघा आतल्या बाजूने झिजलाय आणि पाय धनुष्यासारखे बाहेर वाकू लागलेत, त्यांच्यासाठी हा प्रकार आहे. माझा उजवा गुडघा नेमका असाच आहे, एक्स-रेत ग्रेड ३, म्हणजे मध्यम झीज.

चालताना चांगल्या गुडघ्यातही जास्त भार आतल्या बाजूनेच जातो. पाय वाकला की तो आणखी आत सरकतो, तिथली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) आणखी झिजते, पाय आणखी वाकतो. ब्रेस तीन ठिकाणी दाब देतो: गुडघ्याला बाहेरून आत, आणि त्याला तोलायला मांडीच्या व पोटरीच्या आतल्या बाजूने बाहेर. त्यामुळे भाराचा थोडा वाटा बाहेरच्या, शाबूत बाजूकडे जातो. थोडाच, पण पावलापावलाला.

फिजिओने मोबाइलवर मागून माझी चाल टिपली होती. ब्रेस नसताना वजन पडलं की गुडघा झटकन बाहेर ढकलला जायचा. उजव्या पायावर भार सोसवत नसल्यामुळे तो उचलायची घाई व्हायची आणि डावं पाऊल आखूड पडायचं. ब्रेस घातल्यावर तो झटका बराच सौम्य झाला. काही आठवड्यांनी डावं पाऊलही पुरतं पडू लागलं. मला ही सगळ्यात मोठी कमाई वाटते, कारण लंगडल्यामुळे कंबर भरून यायची तीही थांबली. भाजी आणायला आता मध्ये कट्टा शोधावा लागत नाही.

जिना उतरताना मात्र फरक नगण्य. माझ्या गुडघ्याच्या वाटीमागेही झीज आहे, त्यावर हा ब्रेस काही करत नाही. डोंबिवली स्टेशनच्या पुलावर चढताना बरं वाटतं, उतरताना अजूनही कठडा धरून एकेक पायरी.

मापाच्या बाबतीत अजिबात तडजोड करू नका. दुकानात फक्त गुडघ्याचा घेर मोजून ब्रेस दिला, तो चार पावलांत घसरत होता. बदलून घेताना मांडीचा आणि पोटरीचा घेर वेगवेगळा मोजला, तेव्हा नीट बसला. घालताना खुर्चीत पाय वाकवून बसायचं, बिजागरी वाटीच्या मध्याशी आणायची आणि आधी पोटरीचा पट्टा आवळायचा, पोटरीच्या फुगीर भागाच्या वर. तो नीट बसला तरच वरचं सगळं जागेवर राहतं.

जूनमधला दमटपणा भयंकर. पट्ट्याखाली घाम साचून पुरळ उठली, म्हणून आता आत पातळ सुती बाही घालते. सलवार सैलच लागते. मांडी घालून बसता येत नाही, पूजेला पाट सोडून स्टूल घ्यावं लागतं. किंमत नी कॅपच्या कितीतरी पट आहे, हेही लक्षात घ्या.

अमेरिकन कॉलेज ऑफ र्‍हुमॅटॉलॉजी या सांधेरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्याच्या अशा ब्रेसची ठाम शिफारस आहे. पण तितक्याच ठामपणे व्यायाम, वजन कमी करणं आणि काठी यांचीही आहे. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. मी ब्रेस बाहेर चालतानाच घालते, घरी काढून ठेवते, आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम रोज करते. स्नायू सैल पडले तर नुसत्या पट्ट्याने गुडघा सावरत नाही.

बाहेरच्या बाजूने झीज असेल तर हा ब्रेस घेऊ नका, दुखऱ्या बाजूवरच भार वाढेल. त्यांच्यासाठी उलट दाबाचा मिळतो. पायात रक्ताची गुठळी होऊन गेली असेल किंवा मधुमेहाने संवेदना कमी झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बाकीच्यांनी उभ्याने घेतलेला एक्स-रे ऑर्थोला दाखवून झीज कुठल्या बाजूला आहे ते विचारावं, आणि रोजच्याच कपड्यांच्या आत ब्रेस घालून दुकानात भरपूर चालून बघावं.