७,९९९ रुपयांचा ‘खास तुमच्यासाठी’ प्लॅन

आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा ती ६८ वर्षांची होती. मोरीत पाय घसरला, एवढंच निमित्त. हाडं ठिसूळ झालीत असं डॉक्टर म्हणाले आणि जाता जाता मला म्हणाले, “तुम्ही चाळिशीत आहात ना? आत्ताच वजनं उचलायला लागा.” व्यायामाने हाडांनाही बळ मिळतं हे मला तोवर माहीतच नव्हतं. घरी येऊन मोबाइलवर शोधायला लागले. तिथून दोन दिवसांत मी एका ‘कोच’च्या हाती सापडले.

नाव लिहीत नाही. असे बरेच आहेत, म्हणून हे लिहितेय.

त्याच्या रील्समध्ये बायकांचे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो होते, सगळे आठ आठवड्यांचे. प्लॅन ७,९९९ रुपये, बारा आठवडे, खास तुमच्यासाठी बनवलेला, रोज व्हिडिओ तपासून मिळणार. “ताई, तीनच जागा राहिल्यात,” असा त्याचा व्हॉइस मेसेज आला. मी रात्री साडेदहाला यूपीआयने पैसे भरले. त्याने मला वय आणि वजन विचारलं, बस. पूर्वी कधी कंबर धरली होती का, रक्तदाब आहे का, जिममध्ये काय सामान आहे, यातलं काही नाही.

दुसऱ्या दिवशी पीडीएफ आली. आठवड्यात सहा दिवस जिम, एकाच दिवशी छातीचे २२ सेट, आणि डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा वजनाचा रॉड उचलून उभं राहणं: पहिल्या आठवड्यात ३० किलो, मग दर आठवड्याला १० किलो वाढवा.

पहिले दोन आठवडे छान गेले, आणि खरी फसगत इथेच झाली. ३० उचलले, ४० उचलले. मला वाटलं, माणूस खरा आहे. आता कळतं की नवशिक्याची सुरुवातीची ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि नसा स्नायूंना नीट कामाला लावायला शिकतात म्हणून. स्नायू भरायला वेळ लागतो. त्यामुळे पहिले काही आठवडे जवळजवळ कुठल्याही प्लॅनने आकडा वर जातो, अगदी वाईट प्लॅननेसुद्धा. आठ आठवड्यांच्या फोटोंवरूनही तशीच कोचची पारख होत नाही. त्या बायकांनी घाम गाळला होता, त्याचं श्रेय याने घेतलं.

तिसऱ्या आठवड्यात ५० किलोला कंबरेत कळ आली. रॉड हातातून सुटला. खाली बसता येईना, उभं राहता येईना. जिममधल्या एका मुलीने रिक्षापर्यंत धरून नेलं.

नशीब, नस दबली नव्हती, स्नायू ताणला होता. पण फिजिओथेरपिस्टबाईंनी जे केलं ते मला कधी विसरता येणार नाही. त्यांनी मला जिममध्ये रॉड कसा ठेवलेला असतो ते विचारलं. मी सांगितलं, २० किलोचा रॉड, दोन्ही बाजूंना १० आणि ५ च्या प्लेट, सगळा जमिनीवर. त्या म्हणाल्या, “मग रॉड फारच खाली राहतो.” पूर्ण मापाची प्लेट ४५ सेंटीमीटर व्यासाची असते, म्हणून रॉड नडगीच्या मध्यावर येतो. आमच्या साताऱ्यातल्या जिमच्या १० किलोच्या लोखंडी प्लेट त्यापेक्षा खूपच लहान आहेत. मी इतकी खाली वाकत होते की पाठीला बाक येणारच. दोन्ही बाजूंना खाली जाड प्लेट रचून रॉड वर ठेवायचा, एवढाच उपाय. कमी वजनाने सुरुवात करणाऱ्या बऱ्याच बायकांना ही अडचण येते. बायकांना शिकवण्याचे पैसे घेणाऱ्याला ती माहीत असायलाच हवी होती.

दर आठवड्याला १० किलो वाढवणं प्रत्येकालाच चुकीचं ठरेल असं मी म्हणत नाही. पण नाही जमलं तर काय करायचं, पाठ वाकली तर वजन किती उतरवायचं, यावर अख्ख्या पीडीएफमध्ये एक ओळ नव्हती.

बिछान्यावर पडल्या पडल्या ती पीडीएफ मी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. नवव्या पानावर लिहिलं होतं, “भाई, तुझ्या खांद्याच्या दुखापतीमुळे बेंच हलका ठेवलाय.” माझा खांदा कधीच दुखला नाही. मग चॅट उघडलं. डेडलिफ्टचा ५२ सेकंदांचा व्हिडिओ मी ७:४२ ला पाठवला होता, आणि “परफेक्ट ताई, लगे रहो” हे उत्तरही ७:४२ लाच आलेलं. व्हिडिओ पूर्ण बघून उत्तर टाइप करायला मिनिटभर तरी लागतं. तेवढाही वेळ त्याने दिला नव्हता, आणि मी त्या ‘परफेक्ट’वर विसंबून दुसऱ्या दिवशी ५० लावले.

दुखापत कळवल्यावर त्याने चौकशीसुद्धा केली नाही. “रिकव्हरी कमी पडतेय,” म्हणून ४,२०० रुपयांच्या सप्लिमेंटच्या डब्यांची लिंक पाठवली. त्यात एक टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, वाढवणारा डबा होता. बाईला! फोटो मोठा करून लेबल बघितलं. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना क्रमांक १४ आकडी असतो. यावरचे आकडे मी तीनदा मोजले. १३ होते.

पैसे परत मागितले तर ब्लॉक झाले. आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. त्याने पहिल्याच दिवशी चॅटवर सात दिवसांनी मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सेटिंग लावली होती. ‘तीनच जागा’वाला मेसेज, ‘रोज व्हिडिओ तपासेन’ हे आश्वासन, सगळं गेलेलं. व्हिडिओचा स्क्रीनशॉट मी बहिणीला पाठवला होता, तेवढा वाचला.

तुमच्या चॅटवर अशी सेटिंग दिसली तर पैसे भरण्याआधी प्रत्येक आश्वासनाचा स्क्रीनशॉट काढा. शिक्षण कुठे झालं ते लेखी विचारा. आरोग्यावर बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सरांनी आपली पात्रता उघड करावी, असं केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत ऑगस्ट २०२३ पासून आहे. विचारल्यावर चिडला तर तिथेच थांबा. पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीसाठी १९३० वर लगेच फोन करा, ग्राहक म्हणून तक्रारीसाठी १९१५ आहे. मी दोन्हीकडे तक्रार केली, पण पाच आठवडे उशिरा. पैसे अजून आलेले नाहीत.

आता आठवड्यातून तीन दिवस जाते. रॉड प्लेटांवर रचून ठेवते, एका वेळी अडीच किलोच वाढवते, आणि पाठीकडे बघायला जिममधल्या त्याच मुलीला उभी करते. सोमवारी ४५ झाले.