नव्या म्हणून बसवलेल्या जुन्याच ब्रेक डिस्क

माझी गाडी १४ वर्षांची आहे आणि मी ती आजही रोज चालवतो. गेल्या वर्षी वेगात असताना ब्रेक दाबला की स्टीअरिंग थरथरू लागले आणि पेडल पायाला ठोके देऊ लागले, म्हणून मी ती एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मालकांनी पुढची दोन्ही चाके काढून माझ्यासमोर मायक्रोमीटर लावला. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती, जिच्यावर दोन्ही बाजूंनी ब्रेक पॅड आवळले की गाडी थांबते. तिची जाडी २०.६ मिलिमीटर भरली. डिस्कच्या मधल्या भागावर उमटवलेला किमान जाडीचा आकडा, म्हणजे २० मिलिमीटर, मला दाखवून ते म्हणाले की लेथवर घासून सपाट करण्याइतका जीव आता या डिस्कमध्ये उरलेला नाही, दोन्ही नव्याच टाकाव्या लागतील. हे निदान बरोबर होते, आणि त्या बरोबर निदानावर विसंबूनच मी पुढे काहीही तपासले नाही.

संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो तेव्हा चाकाच्या फटींतून डिस्क आरशासारख्या चमकत होत्या आणि त्यांच्या मधल्या भागाला चंदेरी रंग दिलेला होता. टेबलावर नव्या डिस्कचे एक रिकामे खोकेही ठेवलेले होते. जुन्या डिस्क मागितल्यावर त्या भंगारात गेल्याचे सांगण्यात आले आणि मी ते मान्य केले. बिलावर 'डिस्क, २ नग' एवढेच लिहिलेले होते. बनवणाऱ्या कंपनीचे नाव नव्हते आणि पार्ट नंबरही नव्हता.

दोन-अडीच महिने ब्रेक सुरळीत लागत होते. नंतर तीच थरथर पुन्हा सुरू झाली, आणि लांब उतारावर पेडल पूर्वीपेक्षा लवकर कडक व निर्जीव वाटू लागले. या वेळी मी दुसऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्यांनी मायक्रोमीटर काढण्याआधी टॉर्चचा प्रकाश डिस्कच्या कडेतून आत टाकला. पुढच्या डिस्क बहुधा दोन थरांच्या असतात आणि हवा खेळावी म्हणून त्या थरांमध्ये पोकळ्या असतात. माझ्या डिस्कच्या त्या पोकळ्यांमध्ये काळपट, पापुद्रे सुटलेला, अनेक वर्षांचा गंज दाटून बसला होता. नव्या डिस्कवरही पाणी लागले की काही तासांत तांबूस गंज धरतो, पण तो पावडरीसारखा पातळ असतो. असे पापुद्रे दोन-अडीच महिन्यांत तयार होत नाहीत. लेथ फिरतो तो फक्त पॅड घासतात त्या दोन पृष्ठभागांवरून, आतल्या पोकळ्यांपर्यंत तो पोहोचू शकत नाही. मग जाडी मोजली, ती १९.३ मिलिमीटर भरली. चंदेरी रंग खरवडल्यावर खाली तोच २० चा आकडा होता, किंबहुना तो झाकला जावा म्हणूनच रंग जाड दिलेला होता, असे मला आजही वाटते.

पैशांपेक्षा मला या गोष्टीची अधिक चीड आहे, कारण ज्या माणसाने किमान जाडीचा आकडा स्वतः बोट ठेवून दाखवला त्यानेच माझ्या डिस्क त्या मर्यादेखाली घासून मला परत दिल्या. ब्रेक लावताना गाडीच्या वेगाची उष्णता होते आणि तिचा मोठा भाग डिस्क शोषून घेते. लोखंड जितके कमी, तितकी ती लवकर तापते, तिला तडा जाण्याचा धोका वाढतो, आणि पॅड झिजत जातात तसा कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन ठरल्यापेक्षा अधिक बाहेर यावा लागतो. त्या गाडीतून माझे कुटुंब प्रवास करत होते.

थरथर परत का आली, हेही त्या मेकॅनिकने दाखवले. डिस्क ज्या हबवर बसते त्या हबचा गंज साफच केलेला नव्हता, त्यामुळे डिस्क किंचित तिरकी बसली होती. सूक्ष्म हालचाल मोजणाऱ्या डायल गेजवर तिचा डोल, म्हणजे फिरताना बाजूला होणारी हालचाल, ०.१२ मिलिमीटर दिसत होता, आणि बहुतेक गाड्यांना ०.०५ ते ०.१० च्या पुढे तो चालत नाही. एवढासा डोल सुरुवातीला जाणवत नाही, पण प्रत्येक फेरीत डिस्क पॅडला एकाच जागी घासत राहते, काही हजार किलोमीटरनंतर तिची जाडी असमान होते आणि पेडल ठोके देऊ लागते.

मी पहिल्या गॅरेजमध्ये परत गेलो. काही कंपन्यांच्या नव्या डिस्क पातळच येतात, असे उत्तर मिळाले. पोकळ्यांमधल्या गंजाबद्दल विचारल्यावर उत्तर मिळाले नाही. बिलावर पार्ट नंबर नसल्यामुळे माझ्याजवळ दाखवायला काही नव्हते आणि पैसे परत मिळाले नाहीत. म्हणून सांगतो, डिस्क बदलायची असेल तर ती बसवण्यापूर्वी खोके आपल्यासमोर उघडायला लावा, तिची जाडी मोजून घ्या, कंपनी व पार्ट नंबर बिलावर लिहून घ्या, आणि जुन्या डिस्क परत हव्या आहेत हे काम सुरू होण्याआधीच सांगा, कारण नंतर मागितल्यास त्या भंगारात गेलेल्याच असतात.

दुसऱ्या मेकॅनिकने मोजून घेतलेल्या नव्या डिस्क २२ मिलिमीटरच्या होत्या. त्यांनी हब तारेच्या ब्रशने लख्ख केला, डिस्कवरचे गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसले, कॅलिपरच्या पिनांना ग्रीस दिले, दोन्ही बाजूंचे पॅड नवे टाकले आणि चाकाचे नट ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या टॉर्क पान्याने समोरासमोरच्या क्रमाने आवळले. जुन्या डिस्क त्यांनी मी न मागता डिकीत ठेवल्या.