जालना ते छत्रपती संभाजीनगर: ऑक्युपेशनल थेरपीच्या आठ भेटी

जालन्याच्या मोंढ्यातील एका बियाण्यांच्या दुकानात मी हिशोबाचे काम करते. दोन वर्षांपूर्वी आलेला ताप उतरला, पण थकवा गेला नाही. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ अशा सगळ्या तपासण्या ठीक आल्या आणि अखेर फिजिशियननी क्रॉनिक फटिग सिंड्रोमचे, म्हणजे विश्रांतीनेही न जाणाऱ्या दीर्घकाळच्या थकव्याच्या आजाराचे, निदान केले. या आजाराची अशी खास तपासणी नसते. इतर कारणे वगळून आणि लक्षणे नीट विचारूनच तो ओळखावा लागतो. त्यांनीच मला संभाजीनगरच्या एका ऑक्युपेशनल थेरपी केंद्रात पाठवले, म्हणजे रोजची कामे आजारपणातही झेपतील अशी कशी करायची हे शिकवतात तिथे.

अंग दुखण्यापेक्षा मला जास्त भीती वाटत होती ती डोक्याची. मृगाच्या गर्दीत सोयाबीनच्या पिशव्यांची पावती लिहिताना हातचा किती धरला हे मी विसरले, तीच बेरीज चार वेळा केली आणि चारही वेळा उत्तर वेगळे आले. समोर उभ्या असलेल्या नेहमीच्या शेतकऱ्याचे गाव आठवत होते, नाव मात्र काही केल्या ओठांवर येईना. "बसून तर लिहायचं असतं, त्यात थकायला काय झालं?" हे शेठजींचे वाक्य त्या दिवसांत मी स्वतःलाही ऐकवत असे.

पहिल्याच भेटीत थेरपिस्ट मॅडमनी खोलीतला दिवा मंद केला आणि बसून बोलायचे की आडवे पडून, हे विचारले. या आजारात अनेकांना उभे राहिल्यावर मेंदूला रक्ताचा पुरवठा कमी पडतो आणि विचार अधिकच मंदावतो, असे त्यांनी सांगितले, तेव्हा मी गल्ल्याजवळ तासन्‌तास उभी राहून पावत्या लिहिते हे पहिल्यांदा माझ्या ध्यानात आले. आता मी पाय वर घेता येतील अशा खुर्चीवर बसून लिहिते; चुका थांबल्या नाहीत, पण कमी झाल्या.

त्यांनी मला रोजची नोंदवही ठेवायला लावली. तीन महिन्यांच्या नोंदी शेजारी-शेजारी मांडल्यावर दिसले की २० तारखेला जीएसटीचे विवरणपत्र भरले की मी अंथरुणाला खिळते ती २१ तारखेला नाही, २२ च्या सकाळी. श्रमाचा फटका असा उशिराने बसतो, आणि नुसत्या बौद्धिक श्रमानेही बसतो, हेच या आजाराचे मुख्य लक्षण आहे. तेव्हापासून ते काम मी १५ तारखेपासून वीस-वीस मिनिटांचे तुकडे पाडून करते आणि प्रत्येक तुकड्यानंतर डोळे मिटून पडते.

याआधी दुसऱ्या एका ठिकाणी मला दर आठवड्याला चालणे वाढवायला सांगितले होते आणि तिसऱ्या आठवड्यात मला न्हाणीपर्यंत जाणेही जड झाले. ब्रिटनच्या नाईस या आरोग्यविषयक संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत, ठरवून व्यायाम वाढवत नेण्याची पद्धत या आजारात वापरू नये असे स्पष्ट म्हटले आहे, आणि मानसोपचार हा आजार बरा करणारा उपाय नसून आधार आहे, असेही. ही भूमिका या केंद्रात प्रत्यक्ष पाळली जाते, म्हणूनच मी या केंद्राची शिफारस करते आहे.

"मन घट्ट कर" असे घरचे मायेने म्हणत, आणि मीही मनोबल म्हणजे रेटून नेणे असेच समजत होते. मॅडमनी एका भेटीत शेठजींशी काय बोलायचे याचा सराव करून घेतला. "शेठजी, हा हिशोब आज अर्धा करते, उरलेला उद्या सकाळी, रेटून केला तर चुकेल," एवढे वाक्य दुकानात म्हणायला मला आठवडा लागला. त्यांनी ऐकून घेतले, आणि त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी अपराधी न वाटता झोपले.

उणिवाही आहेत. केंद्र दुसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नाही. प्रतीक्षागृहात टीव्ही मोठ्याने चालू असतो, जो अशा रुग्णाला खोलीत शिरण्याआधीच दमवतो. सूचनांचा कागद बारीक इंग्रजी अक्षरांत आहे. मराठीत मोठ्या अक्षरांत तो मिळायलाच हवा. एका भेटीचे ७०० रुपये परवडतात, पण जाऊन-येऊन सुमारे १२० किलोमीटरच्या एसटी प्रवासाने पुढचे दोन दिवस जातात. फोनवरून भेट घेता येते, हे मला चौथ्या भेटीला विचारल्यावरच कळले. लांबून येणाऱ्यांनी नाव नोंदवतानाच ती मागून घ्यावी आणि पहिल्या भेटीला सोबत कोणाला तरी न्यावे, कारण तिथे सांगितलेले निम्मे मी पायऱ्या उतरेपर्यंत विसरले होते.