सिगार रूमच्या नावाखाली ३,२४,५०० रुपयांचा गंडा

आधी आकडे सांगून टाकतो, म्हणजे "नक्की किती गेले हो?" असं पुन्हा कोणी विचारायला नको. टोकन २५,०००. 'मटेरियल'साठी १,४५,०००. काम झाल्यावर १,१६,५००. वर सिगारच्या एका पेटीचे रोख ३८,०००, ज्याची पावती अर्थातच नाही. एकूण ३,२४,५०० रुपये. बदल्यात माझ्या मुलुंडच्या घरात आज काय आहे? फुगलेलं कपाट, बाथरूमला लावतात तसला पंखा, आणि फॉल्स सीलिंगच्या वर कुठेच न जाणारा एक पाइप.

आता काही जण म्हणणार, सिगार ओढायला वेगळी खोली? पैशाचा माज. म्हणा. मी आठवड्यातून एखादी सिगार ओढतो, तीही जावई दुबईहून येताना घेऊन येतो तेव्हा (सामानातून ड्युटी न भरता २५ सिगारच आणता येतात, त्यामुळे साठा काही फार नसतो). तब्येतीचं प्रवचन डॉक्टरांनी देऊन झालंय, ते नको. आधी बाल्कनीत बसायचो. वरच्या मजल्यावरच्या बाईंचे कपडे वाळत असतात, त्यांनी दोनदा तक्रार केली. हॉलमध्ये बसलो तर आमच्या हिच्या कपाटातल्या साड्यांना वास. मुलीचं लग्न झाल्यापासून तिची दहा बाय बाराची खोली रिकामी होती. म्हटलं, दार लावून बसू, धूर थेट बाहेर सोडू, कोणाला त्रास नको. म्हणजे दुसऱ्यांच्या सोयीसाठीच केलं की नाही?

ही खोली करून देणारा माणूस पस्तिशीचा, स्वच्छ मराठी बोलणारा, पहिल्या भेटीत 'काका' म्हणणारा. अंधेरीच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्याचा 'एक्स्पीरियन्स सेंटर' होता. लेदरचे सोफे, पिवळा उजेड. त्याने स्वतः सिगार पेटवली, धूर सरळ छतातल्या जाळीत गेला. बाहेर पडल्यावर मी शर्टाची बाही हुंगून पाहिली, वास नाही. शेजारच्या गाळेवाल्याने नंतर सांगितलं की ती जागा दिवसाच्या भाड्याने मिळते, आणि पडद्यामागे कारखान्यात लावतात तसला एक्झॉस्ट बसवलेला आहे. हे त्याने मला आधी कशाला सांगावं? बरोबरच आहे.

तर ज्या दिवशी माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती, तो दिवस. आमच्या सोसायटीत भिंत फोडायची असेल तर सेक्रेटरींकडे अर्ज द्यायचा आणि १०,००० रुपये डिपॉझिट भरायचं. मी फॉर्म भरायला बसलो. हा फोनवर म्हणाला, "काका, तोडफोड नाही लिहा. डिपॉझिट भरू नका, उगाच अडकून पडतं." मी 'तोडफोड नाही' असं लिहून, सही करून दिलं. वर हिला सांगितलं, बघ, दहा हजार वाचवले त्याने आपले.

अहो, भिंतीला भोकच पाडायचं नसेल तर धूर बाहेर जाणार कुठून? खिडकीची काच कापणार नव्हता, भिंत फोडणार नव्हता, मग तो सहा इंची पाइप काय मंत्र म्हणून बाहेर निघणार होता? हा प्रश्न मला पडला नाही. पडला कोणाला? हिला. संध्याकाळी माणसं गेल्यावर ती म्हणाली, "धूळ कशी नाही उडाली?" मी म्हटलं, प्रोफेशनल लोक आहेत, स्वच्छ काम करतात. मुंबईत शेजारच्या विंगमध्ये कोणी एसीचं भोक पाडलं तर कोअर कटिंगच्या आवाजाने आपले दात हलतात. माझ्या घरात अख्खं डक्टिंग झालं आणि दुपारची झोपसुद्धा मोडली नाही. गेटवरच्या रजिस्टरमध्ये नंतर पाहिलं: दोन माणसं, एक बॅग, तीन बॉक्स. कोअर कटिंगचं मशीन आत आलंच नव्हतं. वॉचमनने सगळं लिहून ठेवलं होतं, वाचायचं राहिलं ते माझं. पण घरमालक गेटवरचं रजिस्टर वाचत बसतो का, तुम्हीच सांगा.

कोणी असलं काम करून घेत असेल तर एवढंच करा: बाहेरून, रस्त्यावरून वर बघा. भिंतीला जाळी दिसली तरच पैसे द्या.

पहिले एक-दोन रविवार बरे गेले, कारण जास्तीचा धूर फॉल्स सीलिंगच्या पोकळीत साठत होता. मग लाइटच्या खाचांतून वास खाली उतरायला लागला. दिवा लुकलुकतो म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावलं, त्याने पॅनेल काढलं आणि विचारलं, "साहेब, हा पाइप कुठे जातो?" पाइपचं तोंड स्लॅबपासून वीतभर खाली, उघडं. ज्याला तो 'कार्बन फिल्टर' म्हणत होता, तो काळा स्पंज निघाला. सिगारचा वास धरायला ॲक्टिव्हेटेड कार्बन लागतो, तोही किलोने. हेपा फिल्टर धुराचे कण धरतो, वास धरत नाही. आणि स्प्लिट एसी फक्त खोलीतलीच हवा फिरवतो, हेही लक्षात ठेवा, कारण "एसी आहे ना काका, हवा बदलत राहते" हे वाक्य तुम्हालाही ऐकवलं जाईल.

हिशेब सोपा आहे, मी नंतर मांडला. दहा बाय बारा, उंची साडेनऊ फूट, म्हणजे ११४० घनफूट. तासाला पंधरा वेळा हवा बदलायची तर मिनिटाला २८५ घनफूट हवा ओढणारा पंखा हवा. मला लावून दिला तो चार इंची. लागते त्याच्या पाव भागसुद्धा तो ओढत नाही, आणि जे ओढतो ते माझ्याच डोक्यावर सोडतो. शिवाय दाराखालून ताजी हवा यायला फट ठेवावी लागते, नाहीतर कितीही मोठा पंखा लावा, नुसता गरगरतो. हे त्याने कोटेशनमध्ये 'मेकअप एअर' म्हणून लिहिलं होतं आणि त्याचे ९,५०० घेतले होते. फट नाही.

सिगार ठेवायला केलेल्या कपाटाचं तर विचारूच नका. सिगार ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत ठेवायची असते. याने कपाटात ह्युमिडिफायर बसवला. जुलैमध्ये! मुलुंडमध्ये! बाहेर ८५ टक्क्यांच्या वर ओलावा, चपलांना बुरशी, मीठ डब्यात दगड झालेलं, आणि हा यंत्र लावून वर आणखी पाणी सोडतोय. आपल्याकडे पावसाळ्यात ओलावा काढायचं यंत्र लागतं. स्पॅनिश सीडर हे महोगनीच्या कुळातलं लाकूड, ओलावा घेतं आणि सोडतं, म्हणून सिगारच्या पेट्यांना वापरतात. माझ्या कपाटाला ते लाकूड कुठलं! कोपरा फुगून सुटला तेव्हा आत एमडीएफ, म्हणजे भुसा दाबून केलेली फळी दिसली, वर कागदासारखं व्हिनिअर. जावयाने आणलेल्या सिगारींना पॉलिशचा वास लागला आणि दोन-तीनांना पिनेच्या टोकाएवढी भोकं पडली. तो सिगारचा किडा. चोवीस-पंचवीस अंशांच्या वर गेलं की अंडी फुटतात, आणि मुंबईत एसीशिवाय त्याखाली तापमान असतं कधी?

आणि ती ३८,०००ची पेटी. "कोहिबा, पंचवीसची, काका, तुमच्यासाठी खास." झाकण काचेचं. कोणीही जाणता माणूस सांगेल, कोहिबा हा क्यूबाचा ब्रँड, आणि तिथून तो काचेच्या झाकणाच्या पेटीत येत नाही. खऱ्या पेटीवर होलोग्राम आणि बारकोडचा शिक्का असतो, तो नंबर हाबानोस या क्यूबाच्या सिगार कंपनीच्या साइटवर तपासता येतो. माझा नंबर तिथे नव्हताच. आपल्याकडे कायद्याने विकलेल्या पेटीवर ८५ टक्के जागेत चित्रासकट इशारा हवा, २०१६पासून. या पेटीवर काहीच नव्हतं. पण ती त्याने रात्री, घरी येऊन, मंद दिव्याखाली दिली.

माझी नोकरी बँकेत कर्जाचे कागद तपासण्यात गेली, हे लिहितानाही लाज वाटते. बिलावरचा जीएसटी नंबर २७ने सुरू होता, म्हणजे महाराष्ट्राचा, म्हणून मी पुढे बघितलं नाही. लेटरहेडवर 'प्रायव्हेट लिमिटेड', आणि नंबरातलं सहावं अक्षर 'पी'. तिथे कंपनीचं असेल तर 'सी' असतं, 'पी' म्हणजे एकट्या माणसाचा पॅन. जीएसटीच्या पोर्टलवर फुकट शोधता येतं; तो नंबर भलत्याच धंद्याच्या भलत्याच माणसाचा निघाला. पण निवृत्त माणूस घरातल्या सुताराचा जीएसटी तपासतो का? कर्ज देताना तपासतो, कारण ते बँकेचे पैसे असतात.

मग पोलीस ठाणं. तिथल्या साहेबांनी आधी विचारलं, "सिगारची खोली म्हणजे?" आणि ऐकायला आणखी दोघांना बोलावलं. हसून झाल्यावर म्हणाले, पैसे तुम्ही दिले, माणूस आला, काम केलं, वाईट केलं, म्हणजे मामला दिवाणी. मी म्हटलं, खोटा जीएसटी नंबर, बाहेर न काढलेला पाइप, पहिल्यापासून फसवायचाच हेतू, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. तर म्हणे, "वकील आहात का?" पुढच्या वेळी साहेब गणपतीच्या बंदोबस्ताला. मग नवरात्र. या शहरात बंदोबस्त नाही असा महिना दाखवा मला. शेवटी एकाने हळूच सांगितलं, त्या पेटीचा विषय काढू नका, इशारा नसलेला माल तुमच्या घरात सापडला, तुम्हालाच उत्तर द्यावं लागेल. म्हणजे लुटला गेलो मी, आणि घाबरायचंही मीच!

बँकेने सांगितलं, व्यवहार तुम्हीच मंजूर केलात. एका हेल्पलाइनवरच्या मुलीने तक्रार घेतली, नंबर दिला, आणि काही दिवसांनी 'निकाली' असा मेसेज आला. काय निकाली? कोणी निकाली? जीएसटी नंबराची तक्रार ज्या कार्यालयात केली तिथे अजून 'प्रक्रियेत' आहे. आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, ज्यांच्या मुलीच्या गृहकर्जाचे कागद मी सुट्टीच्या दिवशी बसून तपासून दिले, ते म्हणाले, "तुम्हीच लिहून दिलंत ना, तोडफोड नाही?"

पोलीस गुन्हा नोंदवत नसतील तर वाद घालत बसू नका, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४)खाली वरिष्ठांना पोस्टाने लेखी तक्रार पाठवा, पोचपावती जपा. ऑनलाइन लिंकवरून पैसे गेले असतील तर पहिल्या काही तासांत १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. माझ्यासारखं नंतर नाही. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. मी अर्ज टाकलाय. नोटीस 'या पत्त्यावर कोणी नाही' म्हणून परत आली, आता नवा पत्ता मीच शोधून द्यायचा आहे.

म्हणूनच हे लिहितोय. हा माणूस दर वेळी वेगळं नाव सांगतो, पण "धूर दाखवा, पैसे परत" हे वाक्य तेच असतं, आणि डिपॉझिट भरू नका म्हणतो. तुमच्या घरी, ऑफिसात, गच्चीवर याने असलं काही करून दिलं असेल तर बिल फाडू नका आणि लाजून गप्प बसू नका. ग्राहक कायद्यात एकाच प्रकारे फसलेल्या अनेकांना मिळून एक तक्रार करता येते. सध्या माझ्या अर्जावर एकच सही आहे.