३१६एल पाइप घ्यायला गेलो, दुकानदारानं निम्मी ऑर्डर स्वतःच कापली

वाळूज एमआयडीसीत आमचं छोटं युनिट हाय, बोअरचं पाणी म्हणजे नुसतं खारं, त्यात पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरची मिठाच्या पाण्याची लाइन. आधी एका सप्लायरनं "स्टेनलेस हाय, गंजतच नाही" म्हणून ३०४ ग्रेडचा पाइप गळ्यात मारला अन् वर्षाच्या आत वेल्डिंगजवळ सुईच्या टोकाएवढी भोकं पडून गळायला लागला.

यावेळी शहरातल्या एका जुन्या पाइपवाल्याकडं गेलो. त्यानं आधी विचारलं पाण्यात क्लोराइड किती, गरम किती होतं, मगच भाव. म्हणला ३०४ मधी मॉलिब्डेनम नसतं, ३१६ मधी २-३ टक्के असतं म्हणून खारं पाणी जास्त झेलतो, अन् वेल्डिंग करणार असाल तर ३१६एलच घ्या, त्यात कार्बन ०.०३ टक्क्याच्या आत. पण घट्ट मिठाच्या पाण्याला तोही खात्रीचा नाही, तिथं सरळ यूपीव्हीसीचा प्लास्टिक पाइप टाका! स्वतःचा धंदा कमी करणारा दुकानदार मी तर पहिल्यांदाच बघितला राव.

मी खिशातून चुंबक काढलं तर हसायलाच लागला, ३०४ अन् ३१६ दोन्हीला ते चिकटत नाही म्हणे, काय ओळखणार? मग मॉलिब्डेनम ओळखायच्या केमिकलचा थेंब पाइपवर टाकून दाखवला, टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर, म्हणजे स्टीलच्या लॉटचा नंबर, पाइपवर जुळवून दिला.

भाव थोडा चढाच, उधारी बंद, अन् टेम्पो दोन दिवस उशिरा आला. वेल्डिंग झाल्यावर काळा डाग पिकलिंग पेस्टनं (अ‍ॅसिडच्या पेस्टनं) काढायचं मात्र आपल्या वेल्डरला दहादा सांगावं लागतं बरं का.