फोन, स्टिरिओ की वेगळा जीपीएस: बेळगावातून निघणाऱ्या गाडीला काय घ्यावं?

बेळगावकराची गाडी दोन तऱ्हेने चालते. आठवडाभर टिळकवाडी, शहापूर, खडेबाजार. सुट्टी लागली की गोवा, आंबोली, मालवण, पुणे नाहीतर दांडेली. गावात वाट पाठ असते, फक्त कुठे कोंडी आहे ते कळायला हवं. सुट्टीत वाट पाठ नसते, आणि नेमकं तिथेच, चोर्ल्याच्या किंवा अनमोडच्या घाटात, मोबाईलचं नेटवर्क जातं. त्यामुळे खरेदीला निघताना दुकानदाराला पहिला प्रश्न विचारावा तो हा: नेटवर्क गेल्यावर हे यंत्र काय करतं?

पर्याय चार. फोन आणि साधा होल्डर. फोन गाडीच्या स्क्रीनला जोडणं, म्हणजे अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले. कंपनीने दिलेलं किंवा बाहेरून बसवलेलं, स्वतःचे नकाशे असलेलं स्टिरिओ. आणि काचेला चिकटवायचं वेगळं जीपीएस यंत्र.

आधी एक गैरसमज दूर करू. गाडी कुठे आहे हे कळायला इंटरनेट लागत नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किमी उंचीवरून सिग्नल सोडतात. तो फोनही पकडतो आणि महागडं यंत्रही. नेटवर्क लागतं ते नकाशा उतरवायला, ठिकाण शोधायला आणि पुढची कोंडी समजायला. फोनला त्याचा आणखी एक उपयोग होतो. कुठला उपग्रह आत्ता कुठे आहे ही माहिती त्याला नेटवर्कवरून झटकन मिळते. नेटवर्क नसेल तर ती उपग्रहाकडूनच ऐकावी लागते, आणि उपग्रह ती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो. झाडी किंवा कडा आड आला की एक फेरी हुकते, मग पुढच्या फेरीची वाट बघायची. म्हणून बंद असलेला फोन जांबोटीच्या जंगलात चालू केला तर निळा ठिपका जागेवर यायला काही मिनिटं जातात. अशा वेळी आभाळ मोकळं असेल तिथे गाडी बाजूला उभी करून थांबा, चालत्या गाडीत आणखी वेळ लागतो. त्याहून सोपं म्हणजे नेव्हिगेशन घरून निघतानाच सुरू करणं.

फोनच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ताजा नकाशा आणि रहदारी. पुण्याच्या वाटेवर राष्ट्रीय महामार्ग ४८ चं सहापदरीकरण चाललंय. आज असलेलं वळण महिन्याभराने दुसरीकडे सरकलेलं असतं. हे बदल फोनमध्ये आधी येतात. गाडीतल्या नकाशात ते पुढच्या अपडेटला दिसतात, आणि कित्येक गाड्यांत ते अपडेट शोरूममध्ये जाऊन किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावं लागतं. पहिल्या वर्षानंतर तिकडे फारसं कुणी फिरकत नाही.

फोनची मेख नेटवर्कमध्येच आहे. गुगल मॅप्सवर बेळगावात नेटवर्क असताना पणजीचा मार्ग लावला, तर तो मार्ग फोनमध्ये साठतो आणि घाटातही बाण पुढे सरकत राहतो. पण एक वळण चुकलं, तर नवा मार्ग आखायला फोनकडे काही नसतं. त्यासाठी ऑफलाइन नकाशा आधी उतरवावा लागतो. प्रोफाइलच्या फोटोवर टॅप करा, ‘ऑफलाइन नकाशे’मध्ये जा, स्वतःचा नकाशा निवडण्याचा पर्याय घ्या. चौकटीत बेळगाव, कोल्हापूर, सावंतवाडी आणि पणजी बसतील इतकं लहान-मोठं करा आणि वायफायवर उतरवा. काहीशे एमबी जागा लागते. हा नकाशा कायमचा नसतो, मुदतीआधी अपडेट व्हावा लागतो. आपोआप अपडेटचा पर्याय चालू ठेवा. ऑफलाइनमध्ये रहदारी दिसत नाही आणि पर्यायी मार्गही सुचवले जात नाहीत.

पर्यायी मार्ग न सुचवणं इथे किती महागात पडतं ते पिरनवाडीला कळतं. तिथे गोव्याच्या वाटेला फाटा फुटतो. उजवीकडे जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी. सरळ खानापूर, लोंढा, रामनगर, अनमोड, मोले. चोर्ला जवळचा, पण पावसाळ्यात त्याची चाळण होते. अनमोडलाही पावसात दरड येते. ॲप दोन्हींतला जो मार्ग काही मिनिटांनी लवकर वाटेल तो निवडतं. खड्डे, धुकं आणि रात्रीची वेळ ते तुमच्यासारखं मोजत नाही. म्हणून नुसतं ‘पणजी’ लावू नका. चोर्ल्याने जायचं ठरलं असेल तर मधला थांबा ‘कणकुंबी’ टाका, दुसऱ्या वाटेला ‘मोले’. मग मध्येच मार्ग बदलला तरी तो त्या थांब्यावरूनच जाईल. ही युक्ती चारही पर्यायांत चालते.

संपूर्ण ऑफलाइन चालणारी ॲप्सही आहेत. ऑरगॅनिक मॅप्स आणि ऑसमअँड ही दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपच्या, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर चालतात. नकाशा एकदा उतरवला की शोध आणि मार्ग दोन्ही फोनमध्येच होतं. जंगलातल्या पायवाटा आणि कच्चे रस्ते यांच्यात बरेच सापडतात. दुकानं, हॉटेलं आणि घरांचे पत्ते मात्र कमी. दुसरा नकाशा म्हणून यातलं एक फोनमध्ये असावंच. मॅपमायइंडियाचं मॅपल्स ॲप महामार्गावर वेगळ्या कारणासाठी उपयोगी पडतं: मोठ्या फाट्यावर किंवा उड्डाणपुलाच्या तोंडाशी ते जंक्शनचं चित्र दाखवतं. फोनचा जीपीएस मोकळ्या आभाळाखालीही साधारण ५ मीटर इकडेतिकडे होतो, त्यामुळे तुम्ही पुलावर आहात की खालच्या सर्व्हिस रोडवर हे कुठल्याच ॲपला खात्रीने कळत नाही. चित्र समोर असलं की निर्णय डोळ्यांनी घेता येतो.

गावातल्या वापरात फोनला तोड नाही, पण तिथे एक चूक सारखी होते. दुचाकीसाठी मार्ग काढलेला असतो, तीच निवड राहून जाते, आणि कार घेऊन निघालेला माणूस गणपत गल्लीच्या आसपास अशा बोळात शिरतो की आरसे मिटूनच बाहेर पडावं लागतं. निघताना वर कारचं चिन्ह निवडलंय ना, ते बघा. ‘टोल टाळा’ हा पर्यायही बंद ठेवा. तो चालू राहिला तर कोगनोळीचा टोल चुकवायला ॲप महामार्ग सोडून खेड्यापाड्यातून नेतं. टिळकवाडीचं रेल्वे गेट पडलंय हे कुठल्याही यंत्राला थेट कळत नाही; थांबलेल्या फोनांवरून ते फक्त अंदाज बांधतं. गणपती विसर्जन आणि शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रात्री तर पोलिसांनी जाहीर केलेले बदलच खरे.

आता वीज आणि उष्णता. फोन वापरणारे सगळ्यात जास्त इथे फसतात. गाडीतल्या पुष्कळ जुन्या यूएसबी पोर्टमधून जेमतेम अर्धा ॲम्पिअर, म्हणजे अडीच वॅट येतात. स्क्रीन, जीपीएस आणि डेटा तिन्ही चालू असले की फोन त्याहून जास्त खातो. चार्जिंगला लावलेला असूनही पुण्याला पोचेपर्यंत बॅटरी तळाला जाते. १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये किमान १८ वॅटचा चार्जर घ्या. होल्डर काचेवर लावला तर एप्रिल-मेच्या उन्हात फोन तापून स्क्रीन मंद होते, कधी चार्जिंग थांबतं, कधी फोनच बंद पडतो. आयफोनसाठी ॲपलने सांगितलेली वापराची मर्यादा ३५ अंश आहे आणि उन्हातला डॅशबोर्ड ती सहज ओलांडतो. एसीच्या झडपेवरचा होल्डर फोन थंड ठेवतो. पण जड फोनने झडपेची पाती मोडतात, म्हणून खालून टेकू असलेला हूकवाला होल्डर बघा. चार्जर आणि होल्डर दोन्हींवर मिळून हजार-दीड हजार गेले तर जाऊ द्यावेत. हीच दोन्ही सर्वांत स्वस्तातली घेतली तर घाटात पस्तावायची पाळी येते.

गाडीत अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले असेल तर आमच्या मते प्रश्न जवळपास सुटला. नकाशा फोनचाच, म्हणजे ताजा. उतरवलेला ऑफलाइन नकाशाही तिथे चालतो. स्क्रीन मोठी, आणि फोन उन्हात ठेवावा लागत नाही. वायरलेस जोडणी गावात बरी, पण लांबच्या प्रवासात फोन तापतो आणि बॅटरी उतरते, तेव्हा केबल लावा. केबल मीटरभरापेक्षा लांब नको, आणि ती डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलने स्क्रीनवर काहीच येत नाही, मग लोक स्टिरिओ बिघडला समजून दुकान गाठतात.

बाहेरून बसवायच्या अँड्रॉइड स्टिरिओची जाहिरात मोठ्या स्क्रीनवर चालते. तुम्ही रॅम, म्हणजे एकाच वेळी कामं चालवायची स्मृती बघा. २ जीबीत नकाशा आणि गाणी एकत्र लावली की बाण मागे पडतो, आणि वळण गेल्यावर बाई ‘उजवीकडे वळा’ म्हणते. ४ जीबी घ्या. अशा स्टिरिओला इंटरनेट फोनच्या हॉटस्पॉटवरून किंवा वेगळ्या सिमवरून द्यावं लागतं. बसवताना गाडीच्या मूळ वायरी कापू देऊ नका, त्या मॉडेलचं कपलर, म्हणजे वायरी न कापता जोडणारा प्लग मागा. वायरी कापल्या तर वॉरंटीवरून भांडण होतं. बसवणारा हमखास चुकतो ते जीपीएसच्या अँटेनात. काड्यापेटीएवढी चौकोनी, लोहचुंबकाची डबी आणि तिला लांब वायर. ती स्टिरिओच्या मागे धातूच्या चौकटीत कोंबलेली असते आणि मग गाडी नकाशावर शेजारच्या शेतातून धावते. ती डॅशबोर्डच्या वरच्या प्लास्टिकखाली, काचेच्या जवळ, सपाट आणि तोंड वर करून चिकटवायला लावा. काचेवर धातूचा थर असलेली फिल्म असेल तर तीही सिग्नल अडवते. दुकानातून निघण्याआधी उघड्यावर गाडी उभी करून जागा बरोबर दाखवतेय का ते तपासा.

कंपनीने बसवलेल्या नेव्हिगेशनचा एक गुण मात्र मोठा आहे. त्यातल्या बऱ्याच यंत्रणांना चाकांचा वेग आणि वळणाचा सेन्सर जोडलेला असतो, त्यामुळे उपग्रह दिसेनासे झाले तरी गाडी किती आणि कुठे सरकली याचा हिशेब ती ठेवते. पुण्याकडे जाताना खंबाटकीच्या बोगद्यात आणि पुढे कात्रजला हा फरक दिसतो. फोन बोगद्यात अंदाजाने बाण ढकलत राहतो आणि बाहेर पडल्यावर भानावर यायला क्षणभर घेतो. कात्रजनंतर फाटे इतके जवळजवळ आहेत की तो क्षण महत्त्वाचा ठरतो.

वेगळं जीपीएस यंत्र आता कुणी घ्यावं? आठवड्यातून दोन-तीनदा नेटवर्क नसलेल्या भागात जाणाऱ्याने, किंवा फोन आला की नकाशा झाकला जातो याचा ज्याला त्रास होतो त्याने. नकाशा पोटातच असतो, उष्णता फोनपेक्षा जास्त सोसतं, वळण आधी आणि ठळक सांगतं. रहदारीसाठी मात्र फोन जोडावाच लागतो. अंगची बॅटरी तासभराच्या आसपासच टिकते, वायर कायम लावून ठेवावी लागते. घेण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्या: भारताचा नकाशा यंत्रात आधीच आहे का, आणि अपडेट फुकट आहे का, असल्यास किती वर्षं. ‘आजीवन’ म्हणजे तुमचं नव्हे, त्या यंत्राचं आयुष्य.

जुनं यंत्र किंवा जुनी गाडी घेताना नकाशाचं वय ओळखायची आपल्या भागातली कसोटी अशी. पहिलं, खानापूरच्या पुढचा रस्ता बघा. तिथे ७४८ ऐवजी ‘४ए’ लिहिलेलं असेल तर नकाशात जुनेच महामार्ग क्रमांक आहेत. दुसरं, शोधात ‘बेळगावी’ इंग्रजी अक्षरांत टाका. नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं. यंत्र फक्त ‘बेलगाम’च ओळखत असेल तर नकाशा त्याच्याही आधीचा. तिसरं, मोपा विमानतळ शोधा. ते जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं. सापडलं नाही तर अपडेटशिवाय ते यंत्र घेऊच नका. मोपा नवीन नकाशातही घोळ घालतं. ‘गोवा विमानतळ’ एवढंच लिहिलं तर दक्षिणेतलं दाबोळीही येतं, आणि दोहोंत मोठं अंतर आहे. तिकिटावरचा संकेत बघा: जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाबोळी.

नावांचा घोळ तेवढ्यावर थांबत नाही. खानापूर बेळगाव जिल्ह्यात आहे तसं सांगलीतही आहे. शहापूर इथलं, ठाण्याचं आणि यादगीरचंही. जिल्ह्याचं नाव बघून मगच ‘सुरू करा’ दाबा. शेतातल्या घराचा पत्ता शोधात सापडत नाही, तिथे व्हॉट्सॲपवर लोकेशन मागवा. पण पाठवणाऱ्याला घराबाहेर उभं राहून, ठिपक्याभोवतीचं वर्तुळ लहान होईपर्यंत थांबून पाठवायला सांगा. कौलाखालून पाठवलेलं लोकेशन दोन घरं पलीकडे पडतं. गुगलचा प्लस कोड, म्हणजे त्या जागेचा अक्षरं-आकड्यांचा छोटा पत्ता मिळाला तर तो ऑफलाइनही चालतो.

कर्नाटकातल्या पाट्या बहुतेक कन्नड आणि इंग्रजीत असतात. घरच्या वडीलधाऱ्यांना देवनागरीच सोयीचं असेल तर ॲपची भाषा मराठी करा आणि फाट्यावर गावाच्या नावापेक्षा रस्त्याच्या क्रमांकावर लक्ष ठेवायला सांगा. क्रमांक कुठल्याही पाटीवर ओळखू येतो.

एवढं बघून आमचा कौल असा. गाडीत अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले असेल तर नवीन काही घेऊ नका, फक्त चांगली केबल आणि ऑफलाइन नकाशा. साधं स्टिरिओ असेल तर होल्डर आणि चार्जर. स्टिरिओ तसंही बदलायचंच असेल तर अँड्रॉइड ऑटो चालणारंच घ्या, स्वतःचे नकाशे असलेलं नको. वेगळ्या यंत्राचे पैसे महिन्यातून आठ-दहा वेळा घाट चढणाऱ्यालाच वसूल होतात.

काहीही घेतलं तरी पत्ता गाडी उभी असताना लावा. मार्ग बघण्यापुरता फोन वापरायला केंद्रीय मोटार वाहन नियमांत १ ऑक्टोबर २०२० पासून मुभा आहे, चालवताना लक्ष विचलित होणार नाही या अटीवर. हातात फोन धरून टाइप करणं त्यात बसत नाही. तवंदी घाटात तर मार्ग बदलायचं काम शेजारी बसलेल्याकडे सोपवा, आणि एकटे असाल तर खाली उतरून पहिल्या ढाब्यावर थांबा.